बंगला कुणाचा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न नेहमीचा आहे आणि तो दोन तऱ्हांनी येतो. कुणी विचारतं, ‘बंगला हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला ना?’ तर कुणी ठासून सांगतं, ‘इंग्रजांनीच आपला बंगला उचलला आणि त्याचा बंगलो केला, खरं ना?’

दुसरं खरं आहे, पण पुरतं नाही. शब्द इथला आणि ज्या घरावरून तो पडला तेही इथलंच. पण ‘बंगला’ म्हटल्यावर आज मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे जे उभं राहतं, म्हणजे फाटक, पुढे बाग, व्हरांडा, चहूबाजूंनी मोकळी जागा, त्यातलं बरंचसं कंपनी सरकारच्या छावण्यांमध्ये घडलं. शिवाय घरांच्या जाहिरातींतला ‘बंगलो’ वेगळा. तो इंग्रजीत जाऊन परत आलेला आहे. एकाच शब्दाची ही दोन रूपं मराठीत शेजारीशेजारी नांदतात, आणि म्हणूनच घोटाळा होतो.

आधी व्याकरण पाहू, कारण अर्धं उत्तर तिथंच आहे. ‘बंगला’ हे मुळात विशेषण. बंगालचा तो बंगला. पैठणची ती पैठणी, चंदेरीची ती चंदेरी, कोल्हापूरची ती कोल्हापुरी, तसंच हे. ‘पैठणी लुगडं’ म्हणता म्हणता लुगडं गळून पडलं आणि पैठणी हेच नाम झालं. ‘बंगला घर’मधलंही घर गळालं. पानाच्या गादीवर ‘बंगला पान’ मागतो तेव्हा हेच विशेषण आपण मूळ अर्थानं वापरत असतो. म्हणजे बंगला या शब्दात मोठेपणा, श्रीमंती, बाग यांतलं काहीही नव्हतं. होता तो फक्त गावाचा पत्ता. आणि असं नाव नेहमी बाहेरचे लोक देतात. पैठणच्या विणकराला आपल्या लुगड्याला पैठणी म्हणण्याची गरज पडत नाही, तशी बंगालच्या शेतकऱ्यालाही आपल्या घराला बंगला म्हणायची गरज नव्हती. हे नाव दिलं उत्तर हिंदुस्थानी बोलणाऱ्यांनी, कारण त्यांना ते घर आपल्या घरांहून वेगळं दिसलं.

वेगळं कशात दिसलं? छपरात. इथं जरा थांबावं लागेल, कारण हे छप्पर समजलं की शब्दाचा पुढचा सगळा प्रवास उलगडतो.

बंगालच्या सपाट, पुराच्या मुलखात घर बांधायचं तर आधी तळं खणायचं. खणलेली माती शेजारी रचून, धुमसून जोतं उभं करायचं. एकाच खणण्यात पाणी साठवायला जागाही झाली आणि घर पुराच्या वर उचललंही गेलं. जोतं अर्धा ते एक मीटर उंच असतं, नदीकाठी त्याहून जास्त. त्याच्या कडा मातीशेणानं दर वर्षी लिंपाव्या लागतात. ते टाळलं तर पहिल्या पावसात कडा खचतात. त्याहून मोठा धोका पागोळ्यांचा असतो. वळचण आखूड असली तर छपराचं पाणी नेमकं जोत्याच्या पायाशी पडतं, तिथं चर पडतो आणि दोनतीन पावसाळ्यांत जोतं आतून पोकळ होतं. म्हणून वळचण भिंतीच्या निदान पाऊण मीटर पुढे काढतात.

भिंतींना मातीचा गिलावा केलेले बांबूचे कूड, आणि छप्पर पूर्णपणे बांबूचं. बांबू तीन वर्षांहून जुना हवा. कोवळा बांबू वाळला की आकसतो आणि चिरतो. तोड पावसाळा संपल्यावर, थंडीत करायची, कारण तेव्हा त्यात साखर आणि पिष्ट कमी असतं. पोखरणारे किडे येतात ते या पिष्टासाठीच. तोडलेला बांबू काही आठवडे तळ्यात बुडवून ठेवला की उरलंसुरलं पिष्टही पाण्यात उतरतं. एवढं करूनही, नुसता मातीत रोवलेला खांब एक ते तीन वर्षांत जमिनीलगत कुजतो. तिथं सतत ओल आणि हवा दोन्ही मिळते. छपराखाली कोरडा राहिलेला बांबू मात्र पाचसात वर्षं सहज टिकतो. सांधे बांधायचे ते वेताच्या किंवा बांबूच्याच कामट्यांनी. खिळा ठोकला की बांबू उभा चिरतो, आणि बांधलेला सांधा वादळात थोडा हलू शकतो, खिळ्याचा हलत नाही.

आता आढं, म्हणजे छपराच्या माथ्यावरची आडवी तुळई. आपल्याकडे कोकणात घराचं आढं सरळ रेषेत असतं. बंगाली घराचं आढं धनुष्यासारखं असतं, मधे उंच आणि दोन्ही टोकांना उतरतं. वळचणीच्या कडाही तशाच, कोपऱ्यांवर खाली झुकलेल्या. हे दिसायला सुंदर आहे, पण त्यामागे कारण आहे. सरळ बांबूवर पेंढा चढवला आणि तो पावसात भिजून जड झाला की बांबू मधोमध खाली झुकतो. झोळ पडला की तिथं पाणी रेंगाळतं, पाणी रेंगाळलं की पेंढा कुजतो, आणि छप्पर आढ्यापासूनच बसायला लागतं. बांबू मुळातच वरच्या बाजूला वाकवून बांधला तर वजन आलं तरी तो सरळ रेषेच्या खाली जात नाही आणि पाणी निथळून जातं. कोपऱ्यांवर वळचण खाली आल्यामुळे घराचे कोपरेही झाकले जातात.

शाकारणी वळचणीपासून सुरू होते आणि आढ्याकडे चढत जाते, म्हणजे वरच्या थराचं पाणी खालच्या थराच्या पाठीवर पडतं. थराची जाडी २० ते ३० सेंटिमीटर लागते आणि उतार ४५ अंशांच्या आसपास. हा उतार महत्त्वाचा. गवताचं छप्पर पाणी अडवत नाही, ते पाण्याला काडीवरून काडीवर वळचणीपर्यंत नेतं. उतार कमी पडला की पाणी खाली जायच्याऐवजी आत शिरतं. भाताचा पेंढा दोनतीन वर्षांत बदलावा लागतो. उलुखड म्हणजे आपल्या दर्भाच्या जातीचं गवत, ते जास्त टिकतं. गळती पहिल्यांदा आढ्यावरच लागते, कारण दोन पाख्यांचे, म्हणजे छपराच्या दोन उतरत्या बाजूंचे, थर तिथं संपतात आणि वरची टोपी वाऱ्यानं सैल होते.

दोन पाख्यांचं ते दोचाला, चारांचं चारचाला, आणि चारचालावर दुसरा लहान चारचाला चढवला की आठचाला. बंगालच्या गावात घराची ओळख अशी पाख्यांच्या संख्येवरून होते.

या छपराची भुरळ इंग्रजांच्या कितीतरी आधी दिल्ली-आग्र्याला पडली होती. अबुल फजलनं ‘ऐने अकबरी’त नोंदवून ठेवलंय की बंगाल्यात घरं बांबूची असतात, आणि काहींना पाच हजार रुपये किंवा त्याहून जास्त खर्च येतो, आणि ती बराच काळ टिकतात. सोळाव्या शतकातले पाच हजार! तेव्हा बंगला म्हणजे गरिबाची झोपडी हा समज तिथंच सोडून द्यावा. पुढे शहाजहाननं लाहोरच्या किल्ल्यात १६३३ साली संगमरवरी नौलखा मंडप बांधला, त्याचं छप्पर असंच वाकडं आहे. आग्र्याच्या किल्ल्यात खासमहालाच्या दोन अंगांना असेच मंडप आहेत आणि त्यांच्या नावांतच ‘बंगला’ आहे: बंगला-ए-दर्शन आणि बंगला-ए-जहाँआरा. बंगालमध्येही विष्णुपूरच्या मल्ल राजांनी १६५५ साली केष्टरायाचं जोडबांगला देऊळ उभारलं. दोन दोचाला घरं पाठीला पाठ लावून जोडली तर जसं दिसेल तसं ते देऊळ आहे, सगळं विटेचं आणि भाजलेल्या मातीच्या नक्षीचं. विटेला वाकायचं काही कारण नसतं. तरी कारागिरांनी बांबूचा बाक विटेत जसाच्या तसा उतरवला, कारण त्यांच्या लेखी देव राहतो तेही घरच, आणि घराचं छप्पर तसंच असायला हवं.

दिल्लीचा बंगला साहिब गुरुद्वाराही या शब्दाच्या कुळातला. शिखांचे आठवे गुरू हरकृष्ण १६६४ साली दिल्लीत जयसिंगांच्या ज्या बंगल्यात उतरले होते, ती ही जागा. हे जयसिंग म्हणजे पुढच्याच वर्षी पुरंदराला वेढा घालणारे मिर्झाराजे. सांगायचा मुद्दा इतकाच की हा शब्द इंग्रजी कागदावर उमटला त्याआधी तो राजवाड्यांपर्यंत पोचलेला होता.

इंग्रजीत तो पहिल्यांदा दिसतो १६७६ साली, आणि तिथं त्याचं रूप अगदी दीनवाणं आहे. स्ट्रेनशॅम मास्टर हा कंपनीचा अधिकारी बंगालमधल्या वखारींची तपासणी करत फिरत होता. कंपनीच्या गलबतांवरच्या इंग्रज माणसांसाठी काही ‘बंगले किंवा खोपटी’ उभारावीत, असं त्याच्या रोजनिशीत आहे. बंगला आणि खोपट, दोन्ही एका दमात! मराठी वाचकांनी या मास्तराची आणखी एक ओळख ठेवावी. शिवाजी महाराजांनी १६७० साली दुसऱ्यांदा सुरत लुटली, तेव्हा तिथल्या इंग्रज वखारीचा बचाव करणाऱ्या तुकडीचा म्होरक्या हाच होता. १७११च्या सुमाराला हुगळी नदीतल्या जहाजांसाठी लिहिलेल्या वाटाड्यांच्या सूचनांमध्ये काठावरचा ‘डच बंगला’ खुणेची जागा म्हणून येतो. म्हणजे तोवर गोऱ्या खलाशांच्या तोंडी शब्द चांगला रुळला होता.

आता ‘बंगला’चा ‘बंगलो’ कसा झाला? इंग्रजी कोशांत इथं दोन मतं दिसतात. काही कोश शब्द हिंदुस्थानी ‘बंगला’वरून काढतात, तर काही गुजराती ‘बंगलो’वरून. मराठी-हिंदीत जिथं पुल्लिंगी नाम ‘आ’नं संपतं तिथं गुजरातीत ‘ओ’ येतो: आपला घोडा, त्यांचा घोडो. कंपनीची सुरतेची वखार १६१३ पासूनची, त्यामुळे गुजराती उच्चार इंग्रजांच्या कानावर पुष्कळ आधीपासून पडत होता. पहिली नोंद हुगळीची असली तरी शेवटचा ‘ओ’ गुजरातीनं पक्का केला असावा, असं मला वाटतं. एक गोष्ट मात्र नक्की: इंग्रजी शब्दाच्या शेवटी जी ‘लो’ अक्षरं दिसतात त्यांचा ‘ठेंगणं’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी काही संबंध नाही. इंग्लंड-अमेरिकेत अनेकांना तसं वाटतं, कारण तिथला बंगलो ठेंगणाच असतो. हा केवळ योगायोग आहे.

कंपनीचे अधिकारी बंगाल सोडून वर सरकले तसा बंगलाही त्यांच्याबरोबर सरकला, आणि वाटेत त्याचं वाकडं आढं सुटलं. लष्करी अभियंत्यांना मोजमापाला सोपं, सरळ रेषांचं छप्पर हवं होतं. त्यांनी चार पाख्यांचं, उंच, गवतानं शाकारलेलं छप्पर ठेवलं, जोतं ठेवलं, आणि आतल्या खोल्यांना कच्च्या किंवा पक्क्या विटांच्या जाड भिंती दिल्या. मधे मोठी खोली, दोन्ही बाजूंना झोपायच्या खोल्या, कोपऱ्यांत न्हाण्या आणि सगळ्याभोवती व्हरांडा. स्वयंपाकघर वेगळं, मागे, पंधरावीस पावलांवर. धूर आणि आग दोन्ही घरापासून लांब राहावी म्हणून. भोवती मोठं आवार.

‘व्हरांडा’ आणि आवारासाठीचा ‘कंपाउंड’ या दोन शब्दांची जन्मकथाही लोक उलटी सांगतात. ‘व्हरांडा’ बऱ्याच जणांना अस्सल इंग्रजी वाटतो, पण वास्को द गामाच्या पहिल्या सफरीच्या पोर्तुगीज वृत्तांतात तो आलेला आहे, म्हणजे इंग्रज इथं यायच्या शंभर वर्षं आधी. गोव्यातल्या जुन्या घरांपुढचं बाकड्यांचं बाल्कांव हे त्याचंच भावंड म्हणायला हरकत नाही. ‘कंपाउंड’ हा बहुधा मलाय ‘कांपोंग’वरून, म्हणजे वाडी किंवा वस्ती. इंग्रजांच्या तोंडी तो आवाराचा शब्द होता. मराठीत मात्र तो भिंतीवर जाऊन बसला. ‘कंपाउंड घातलं’ म्हणजे आपण भिंत घातली असं समजतो, आवार असं नाही.

या छावणीतल्या बंगल्याचे गुण जितके सांगतात तितके त्याचे दोषही सांगायला हवेत. चारही बाजूंना व्हरांडा असल्यानं मधली खोली काळोखी राहायची. म्हणून व्हरांड्याच्या छपराच्या वर, मधल्या भिंतीत उंचावर लहान झरोके ठेवत. तिथून उजेड यायचा आणि वर गेलेली गरम हवा निघून जायची. पण झरोक्याच्या दोऱ्या तुटल्या, झडपा सुजून अडकल्या की खोली भट्टी व्हायची. गवतात उंदीर, त्यांच्या मागे साप. म्हणून छपराखाली पांढऱ्या कापडाचं छत ताणत आणि त्यावरची धावपळ खाली ऐकू येई. उन्हाळ्यात दारांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडत. ही युक्ती कोरड्या, वाहत्या हवेतच चालते. विदर्भात, मराठवाड्यात मे महिन्यात ती उत्तम आहे, कोकणात किंवा कोलकात्यात नाही, कारण हवेत आधीच ओल असेल तर पडद्यातलं पाणी सुकतच नाही आणि गारवा येत नाही. सगळ्यांत वाईट म्हणजे आग. १० मे १८५७ च्या रात्री मेरठच्या छावणीत बंगल्यांमागून बंगले पेटले, कारण पलित्याला नुसतं गवत पुरतं.

त्यापुढच्या दशकांत गवताची जागा कौलांनी घेतली. बासेल मिशननं मंगळूरला १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि ते खाचेचं, एकमेकांत बसणारं मंगळुरी कौल पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र गेलं. त्याला उतार कमी चालतो, ३० अंशांच्या आसपास, आणि चौरस मीटरला साधारण १५ कौलं लागतात. उतार कमी झाल्यावर छप्पर खाली उतरलं आणि बंगल्याचा तो जुना उंच टोपीसारखा डौल गेला. पण दर तीन वर्षांची शाकारणीही गेली.

एकोणिसाव्या शतकातच डाकबंगलाही घडला. मुख्य रस्त्यांवर दर १० ते १५ मैलांवर, म्हणजे १६ ते २४ किलोमीटरवर, सरकारी बंगला असे. एका दिवसाची मजल संपते तिथं. आत पलंग, मेज, न्हाणी आणि माफक दरात जेवण देणारा खानसामा. एवढंच, पण त्यामुळे तंबू बरोबर न घेता प्रवास करता येऊ लागला. आपल्या तालुक्यांच्या गावी मुसाफिरी बंगला, इन्स्पेक्शन बंगला, फॉरेस्ट बंगला, विश्रामगृह अशी जी मालिका दिसते ती या डाकबंगल्याचीच वंशावळ. निवारा या मूळ अर्थाच्या सगळ्यांत जवळ राहिलेला बंगला हाच, असं माझं मत आहे. मालकी नाही, मिरवणं नाही, रात्रीपुरतं छप्पर आणि गरम जेवण.

मग तो समुद्र ओलांडून गेला. इंग्लंडच्या केंट परगण्यात वेस्टगेट आणि बर्चिंग्टन इथं १८७०च्या आसपास जॉन टेलर या वास्तुविशारदानं समुद्रकाठी सुट्टीसाठी बंगले बांधले. बर्चिंग्टनच्याच एका बंगल्यात चित्रकार-कवी डान्टे गॅब्रिएल रोझेटीचा एप्रिल १८८२ मध्ये मृत्यू झाला. तेव्हा बंगला म्हणजे पैसेवाल्यांची हवापालटाची जागा होती. पहिल्या महायुद्धानंतर तो सामान्य माणसाच्या हाती आला. ससेक्सच्या किनाऱ्यावर १९१६ साली चार्ल्स नेव्हिलनं वसवलेल्या पीसहेवनसारख्या वसाहतींमध्ये रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि सौंदर्यदृष्टीच्या रखवालदारांनी नाकं मुरडली. आज ब्रिटनमध्ये ‘बंगलो’ म्हणजे फक्त एक गोष्ट: जिना नसलेलं घर. गुडघे दुखणारी मंडळी ते शोधतात, आणि नवे फार बांधले जात नाहीत, कारण हिशेब परवडत नाही. १०० चौरस मीटरचं घर एकाच मजल्यावर पसरलं तर पाया १०० आणि छप्परही १०० चौरस मीटरचं लागतं. दोन मजली केलं तर दोन्ही निम्मी होतात, शिवाय अर्धी जमीन वाचते आणि थंडीत छपरातून जाणारी ऊबही कमी होते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियानं त्याला पसरट छप्पर आणि ओसरी दिली, आणि तिथून तो टपालानं मागवायच्या घरांच्या याद्यांत शिरला. सिअर्स कंपनी १९०८ ते १९४० या काळात कापून, क्रमांक घालून तयार केलेली लाकडं आगगाडीनं पाठवायची, त्यात बंगलो पुष्कळ. शिकागोत १९१० ते १९४० दरम्यान विटांचे सुमारे ८०,००० बंगले झाले. शहरातल्या एका कुटुंबाच्या स्वतंत्र घरांपैकी जवळजवळ एक तृतीयांश. पुढून अरुंद, मागे लांब, वर पोटमाळा. हे कामगार आणि कारकुनांचं घर होतं. त्याच वेळी पासाडिनात ग्रीन बंधूंनी १९०८ साली बांधलेल्या तीन मजली, सागवानी गॅम्बल हाउसलाही लोक बंगलोच म्हणत.

सिंगापूरला अर्थ नेमका उलटा वळला. तिथं बंगलो म्हणजे कुणाशीही भिंत न जोडलेलं घर, मजले किती का असेनात. ‘गुड क्लास बंगलो’ असा तिथं सरकारी वर्ग आहे: ठरवून दिलेले ३९ भाग, भूखंड किमान १,४०० चौरस मीटर, उंची दोन मजले. जर्मनीत बॉनला १९६४ साली चान्सलर लुडविग एरहार्ट यांच्यासाठी झेप रूफ यांनी काच आणि पोलादाचा, सपाट छपराचा ‘चान्सलर-बंगलो’ बांधला. वाकड्या आढ्यावरून सुरू झालेला शब्द तिथं सपाट छपरावर जाऊन थांबला! प्रत्येकानं बंगाली घराचा एकेक तुकडा घेतला असं मी यातून वाचतो. इंग्रजांनी ठेंगणेपणा घेतला, अमेरिकनांनी ओसरी, सिंगापूरनं चारी बाजूंची मोकळीक.

आणि आपण? आपण सिंगापूरसारखी मोकळीक घेतली आणि वर प्रतिष्ठा चढवली. वाडा आत बघतो, चौकाकडे. रस्त्याला तो पाठ देतो आणि शेजाऱ्याला भिंत. बंगला बाहेर बघतो. म्हणून ‘बंगला’ ठरतो तो आकारावरून नाही, सामासिक अंतरावरून, म्हणजे घर आणि हद्द यांमधल्या मोकळ्या जागेवरून. एक भिंत शेजाऱ्याशी जोडली की तो ट्विन बंगलो, दोन्ही जोडल्या की रो-हाउस. लहान असला तर बंगली. मुंबईत अंधेरीला चार बंगला आणि सात बंगला ही ठिकाणांची नावं झाली, आणि मंत्र्यांच्या खातेवाटपानंतर बातमी येते ती बंगलेवाटपाचीच.

आपल्या बंगल्यातून गेला तो व्हरांडा. याची मला खरोखर हळहळ वाटते, कारण पुण्याच्या अक्षांशावर त्याचं गणित साफ आहे. वसंतसंपाताच्या, म्हणजे २१ मार्चच्या सुमाराच्या, भर दुपारी सूर्य दक्षिणेला सुमारे ७१ अंशांवर असतो. २.४ मीटर उंच दक्षिण भिंत पूर्ण सावलीत ठेवायला ८० सेंटिमीटरचा छज्जा पुरतो. डिसेंबरात सूर्य ४८ अंशांवर उतरतो आणि तेव्हा हवंसं ऊन आत येतं. पण पश्चिमेला हा छज्जा काही कामाचा नाही. एप्रिलमध्ये साडेचारच्या सुमाराला सूर्य फक्त ३० अंशांवर असतो, आणि तीच भिंत झाकायला चार मीटर पुढे यावं लागेल. म्हणून जुन्या बंगल्यांत पश्चिमेला अडीचतीन मीटरचा व्हरांडा आणि त्याला वर चिकाचे पडदे असत. आज तो व्हरांडा काचा लावून खोलीत घेतात आणि मग त्याच खोलीला एसी बसवतात. बांधणार असाल तर पश्चिमेचा व्हरांडा उघडा ठेवा. दक्षिणेला छज्ज्यावर भागेल.

शेवटी भाषांतर करणाऱ्यांसाठी, कारण हा उपप्रश्न हमखास येतो. ब्रिटिश कथेतली निवृत्त शिक्षिका ‘बंगलो’त राहायला गेली तर मराठीत ‘बंगल्यात’ लिहू नका, वाचकाला ती श्रीमंत झाली असं वाटेल. ‘बैठं घर’ हा आपला नेमका शब्द आहे. उलट, आपल्या दोन मजली बंगल्याला इंग्लंडच्या वाचकासाठी ‘बंगलो’ म्हणाल तर तो वरच्या मजल्यावरची पात्रं कुठून आली म्हणून गोंधळेल. तिथं स्वतंत्र घर असंच सांगावं. आणि बंगालीतून भाषांतर करताना दोन शब्दांकडे लक्ष ठेवा. पूर्व बंगालच्या खेड्यातलं ‘बांग्ला घर’ म्हणजे पाहुण्यांना बसवायची बाहेरची खोली, आपली ओसरी किंवा सोपा. आपण ज्याला बंगला म्हणतो त्याला बंगाली माणूस ‘बांगलो’ म्हणतो, आणि तो शब्द त्यानं इंग्रजीतून घेतलेला आहे.